वरची धार

आमच्या घरात एक बादली घासली गेली आणि त्यापायी नवाकोरा स्लॅब फोडायची वेळ आली होती. हे वाचून कुणी हसेल. खुशाल हसा. आता मीही हसते, पण तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत.

घरात माणसं तीन. मी, माझा दादा आणि आत्या. आईवडील आमच्या लहानपणीच गेले आणि आम्हा दोघांना आत्याने वाढवलं. वाढवलं म्हणजे कोपऱ्यावरच्या दूध केंद्रात उभं राहून वाढवलं. हातात लांब दांड्याचं लिटरचं माप, समोर दुधाचा कॅन आणि गिऱ्हाइकांची रांग. माप काठोकाठ भरलं तरी तिचं समाधान होत नसे. भांड्यात ओतून झालं की माप पुन्हा बुडवायची आणि वर एक धार सोडायची. केंद्राचा मालक कपाळाला हात लावायचा. ही म्हणायची, "घरी जाईपर्यंत थोडं सांडतंच की माणसाचं."

तेव्हापासून आमच्याकडे ‘वरची धार’ हा शब्दच होऊन बसला. दादाने कुणाला घरी सोडायला वाकडी वाट केली की मी म्हणते, धार सोडून आलास का. भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी जास्त घातली तरी ती धारच. आत्याचा स्वतःचा चहा मात्र कायम काळपट असतो. आमच्या कपात ओतून पातेल्यात जे उरेल ते तिचं दूध. विचारलं तर म्हणते, मला कडकच आवडतो.

आता खोलीचं सांगते, कारण सगळं रामायण खोलीचं आहे. घराला स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि हॉल. एक खोली दादाची, एक माझी. आत्या हॉलमध्ये. घडीची खाट, खाटेखाली पत्र्याची पेटी, भिंतीवर हातभर आरसा. सकाळी कुणी यायच्या आत खाट मिटायची आणि सगळे झोपेपर्यंत उघडायची नाही. तिला ताप आला तरी ती आल्यागेल्याच्या पायात. कपडे बदलायचे तर न्हाणीघर, रडायचं असेल तरी न्हाणीघर. हे आम्हाला दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं आणि लाज वाटायची. म्हणून यंदा दादाने आणि मी ठरवलं, काही झालं तरी मागच्या अंगणात आत्याला खोली बांधायची. आतून कडी लागेल अशी.

आत्या म्हणाली, "मला काय करायचीय खोली? हॉल बरा की मोकळा." पण पायाची खोदाई सुरू झाली त्या दिवशी तिने पेटीतून एक पडद्याचं कापड काढून उन्हात टाकलं. किती वर्षं ते पेटीत होतं कोण जाणे.

मी एका कंत्राटदाराच्या ऑफिसात एस्टिमेटचं काम करते. लोकांच्या घरांना किती सिमेंट लागेल, किती वाळू, किती खडी, हे नकाशावरून काढून देते. कागदावर मी अख्ख्या वसाहती उभ्या केल्यात, पण स्वतःच्या घरचं म्हणून हे पहिलंच. त्यामुळे अंगात आलं होतं म्हणा ना. दादा म्हणाला, "त्यात काय एवढं? लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी. झाला हिशेब."

"झाला. आणि अर्धा स्लॅब टाकून माल संपला की तू जाऊन झोप वर."

"का संपेल?"

मग त्याला समजावलं. लांबी-रुंदी-जाडीचा गुणाकार हा ओल्या काँक्रीटचा असतो. कोरडा माल घ्यायचा तो त्याच्या दीडपट, किंबहुना थोडा वरच. कारण खडीच्या फटीत वाळू बसते, वाळूच्या फटीत सिमेंट बसतं आणि पाणी पडलं की सगळं अंग चोरून घेतं. दादाचा चेहरा कोराच. आत्या भाजी निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, डब्यात पीठ भरून डबा आपटला की पीठ खाली नाही का बसत? तसं." दादाला लगेच कळलं. मी दहा मिनिटं घसा कोरडा केला त्याचं काहीच नाही.

पण खरी मेख मालात नसते, पाण्यात असते. सिमेंट, वाळू, खडी सगळं तोलूनमापून घाला आणि पाणी जास्त झालं की केलेलं सगळं पाण्यात. काँक्रीट वाळतं, टणक दिसतं, वर चालताही येतं, पण आतून पोकळ राहतं. आणि कामावर प्रत्येकाला पाणी जास्तच हवं असतं. पातळ माल भराभर पसरतो, हात दुखत नाहीत. आमचे मिस्त्री तसे जुने आणि चांगले, पण माल सैल आवडणारेच. म्हणून मी पाण्याचा बंदोबस्त स्वतः केला. आदल्या संध्याकाळी निळी बादली घेतली, स्वयंपाकघरातून आत्याचं ते जुनं दुधाचं माप घेतलं, बारा मापं पाणी ओतलं, आणि पाणी जिथे टेकलं तिथे बादलीच्या आतून लाल नेलपॉलिशने ठसठशीत रेघ मारली. मग मिस्त्रींना बोलावून दाखवली.

"सिमेंटच्या एका गोणीला या रेघेपर्यंत दोन बादल्या. थेंबही जास्त नाही."

मिस्त्री वाकून बघत म्हणाले, "ताई, रेघ तर अशी मारलीत की बादली लग्नाला निघाली."

"लग्नाला जाऊ दे नाहीतर तीर्थयात्रेला, रेघ ओलांडायची नाही."

"नाही ओलांडणार. तुम्ही असालच की उभ्या."

मी असणारच होते. पण सकाळी मिक्सर अंगणात येऊन उभा राहतो न राहतो तोच ऑफिसचा फोन आला. आमच्याच एका मोठ्या कामावर मोजणीचा घोळ झाला होता आणि साहेबांना मीच हवी होते. मी चरफडत निघाले. जाताना मिस्त्रींना पुन्हा रेघेची आठवण करून दिली, दादाला मिक्सरजवळ उभं राहायला सांगितलं आणि ऑफिसातून आणलेले लोखंडी साचे दाखवले. काम निम्म्यावर आलं की त्यात माल भरून ठोकळे पाडायचे. आठवड्याने ते ठोकळे प्रयोगशाळेत नेऊन यंत्रात दाबायचे, म्हणजे स्लॅब किती दमाचा आहे ते कळतं. घरच्या एका खोलीसाठी कुणी ठोकळे पाडत नाही. मिस्त्री हसले. मी म्हटलं, हसा.

संध्याकाळी आले तर सगळं आटोपलेलं. मिक्सर गेला होता. शिडीवरून वर जाऊन पाहिलं तर स्लॅब गुळगुळीत, चारी कोपरे काटकोनात. ठोकळ्यांचे साचे भिंतीलगत ओल्या पोत्याखाली झाकलेले. दादा धुळीने माखून पायरीवर बसला होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला स्वतः चहा करून दिला.

ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. हात धुवायला मागे गेले तर मोरीपाशी बादली पालथी. उचलली. आतून लख्ख. रेघेचा मागमूस नाही.

"आत्या, नवी बादली आणली का?"

आत्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. एकाच टॉवेलच्या सुरकुत्या ती काढत राहिली.

"आत्या."

"आपलीच आहे," ती म्हणाली. "घासली मी."

"कधी?"

"परवा संध्याकाळी. सगळी मातीने बरबटलेली. आत बघते तर लाल. मला वाटलं तुझी बाटली सांडली. चांगली बादली, म्हटलं, खराब होईल. काथ्याने घासली, निघेना, मग तुझं ते उग्र वासाचं पाणी आहे ना बाटलीतलं, ते लावलं."

म्हणजे स्लॅब ओतायच्या आदल्याच संध्याकाळी रेघ पुसलेली. आणि मी सकाळी रेघेचा मंत्र म्हणत घराबाहेर पडले.

"मग काल पाणी कुणी मोजलं?"

आता ती वळली. तोंड एवढंसं झालेलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी मिक्सर सुरू झाला, पाणी घालणारा गडी बादली घेऊन रेघ शोधायला लागला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. माणसं खोळंबलेली, यंत्र धडधडतंय, मला फोन करावा तर माझ्या कामात खोडा. मग तिने काय करावं? स्वयंपाकघरातून दुधाचं माप आणलं, पाण्याच्या पिंपाशेजारी स्टूल टाकलं आणि प्रत्येक बादली मापाने मोजून दिली. बारा मापं. सकाळपासून संपेपर्यंत.

"बाराच, हे तुला कसं माहीत?"

"तू भरत होतीस तेव्हा मी आतून मोजत होते की."

"का?"

"माप माझं. मोजणार नाही?"

आकडा बरोबर होता. क्षणभर हायसं वाटलं. पण मग दुसरंच लक्षात आलं. माप तिचं होतं, हातही तिचाच होता. तो हात मी लहानपणापासून बघत आले होते.

"आत्या, नीट आठवून सांग. मापावर वरची धार सोडलीस का?"

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. "आठवत नाही गं," ती म्हणाली. "मी आकडा मोजत होते. हात आपला चालत होता."

दूध केंद्रात तिचा हात आपोआप चालायचा तो कसा चालायचा ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. दर मापाला एक धार, एका बादलीला बारा धारा, अशा किती बादल्या? मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि तो मला अजिबात आवडला नाही.

एवढ्यात दादा आला. आत्याला मापाने मोजताना त्याने पाहिलंच होतं, त्याला वाटलं मीच बसवलंय; रेघेचं आणि धारेचं सांगितलं तर त्याचाही चेहरा पडला. तो कान खाजवत म्हणाला, "एक सांगू? आदल्या दिवशी वाळूची धूळ उडत होती म्हणून मी ढिगावर पाइपने पाणी मारलं होतं. चांगलं तासभर."

"तासभर?"

"पाइप लावून आंघोळीला गेलो. विसरलो."

म्हणजे वाळूच्या पोटात आधीच पाणी. माझी रेघ कोरड्या वाळूच्या हिशेबाने मारलेली. वाळू ओली असली तर ती रेघसुद्धा जास्त झाली असती, इथे तर रेघच नाही आणि वर आत्याची धार. एकाने गाढव सोडलं, दुसऱ्याने कुंपण काढलं. मी दोघांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दादाने उलट उत्तरं दिली. आत्याने नाही दिली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मिस्त्रींना फोन केला. माल कसा होता, पातळ होता का, एवढंच विचारलं. तर मिस्त्रीसाहेब रुसले. "ताई, ठोकळे पाडायला लावलेत तेव्हाच मी समजलो, तुमचा विश्वास नाही. आता मी माझ्या तोंडाने सांगू की माझं काम चांगलं झालं? आणि तुम्ही ऐकणार? जाऊ द्या. ठोकळेच बोलतील." आणि फोन ठेवला. चांगल्या माणसाच्या अभिमानापुढे कुणाचं काही चालत नाही.

ठोकळे बोलायला आठवडा होता. नापास झाले तर काय, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तसल्या छपराखाली मी आत्याला झोपवणार नव्हते. स्लॅब फोडावा लागला असता, मिस्त्री दुसरं काम घेऊन बसले होते, ते मोकळे होईपर्यंत वर्ष गेलं असतं. आणि वर्षभर थांबलेल्या कामाचं काय होतं ते मी ऑफिसात रोज पाहते. ते थांबतंच. आत्या पुन्हा हॉलमध्ये, आल्यागेल्याच्या पायात.

तिला ते आमच्याआधी कळलं असावं. पडद्याचं कापड तिने शिवायला घेतलं होतं, एक बाजू दुमडून झाली होती. त्या दिवसानंतर सुई तशीच कापडात टोचलेली राहिली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या ताटात भात वाढताना ती म्हणाली, "फोडायचा झाला तर फोडा हो. माझ्यासाठी म्हणून तसाच ठेवू नका. मला काय, हॉल बरा आहे." भात नेहमीप्रमाणे जास्तच वाढला होता.

तरी ती रोज सकाळ-संध्याकाळ शिडी चढून स्लॅबवर पाणी धरायची. काठाला मातीचे बांध घातले होते, त्यात पाणी साठलेलं ठेवायचं, म्हणजे काँक्रीट मुरतं. खालच्या टाकीत ठोकळे बुडवलेले होते. त्यांच्याकडेही ती जाऊन बघायची. एकदा मी तिला त्यांच्याशी बोलताना पकडलं. काय बोलत होती ते तिने सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत न्यायच्या दिवशी मी तिला घरीच राहा म्हटलं. ऐकेल तर आत्या कसली. तीनही ठोकळे ओल्या टॉवेलात गुंडाळले, दोन दादाच्या गाडीच्या डिकीत ठेवले आणि एक तिने मांडीवर घेतला. चांगलं पायलीभर धान्याचं वजन त्या एकाचं. खड्डा आला की ती त्याला दोन्ही हातांनी धरायची.

"आत्या, दगड आहे तो."

"असू दे. हिसके बसतात."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट शेड, कोपऱ्यात ते उंच लोखंडी यंत्र आणि त्यावर भिंतीवरच्या घड्याळाएवढी तबकडी. तिथला माणूस झोपाळू डोळ्यांचा होता. ठोकळा पुसला, यंत्राच्या दोन पोलादी पाटांमध्ये ठेवला आणि बटण दाबलं. मी दादाला हळूच सांगितलं, काटा तीनशेच्या पुढे गेला तर आपण तरलो, अलीकडे फुटला तर बुडालो. आत्याला सांगायचं राहून गेलं.

काटा निघाला. इतका सावकाश की मला त्या माणसाला ढकलावंसं वाटत होतं. शंभर गेले. दोनशे गेले. अडीचशेला ठोकळ्यातून बारीक करकर ऐकू आली आणि मी त्या माणसाकडे पाहिलं. वाळूचा कण होता पाटाखाली, तो म्हणाला. काटा पुढे चालू. तीनशे. दादाने माझा दंड धरला. साडेतीनशे. चारशेच्याही पुढे काटा सरकला आणि मग धाडकन आवाज होऊन ठोकळ्याच्या कडा उडाल्या.

"गेली माझी खोली!" आत्या ओरडली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"अगं आत्या..."

"फुटला ना! माझ्यासमोर फुटला. माझ्या हाताने घालवलं मी सगळं."

तो झोपाळू माणूसही जागा झाला. दादा हसायला लागला, मला हसू आणि रडू एकदम यायला लागलं, आणि ती बिचारी आमच्याकडे बघत राहिली की ही पोरं वेडी झाली की काय. मी तिचे दोन्ही खांदे धरले. "आत्या, तो फुटायचाच असतो. फुटेपर्यंतच दाबतात त्याला. फक्त किती दम काढला ते बघायचं. याने पाहिजे त्यापेक्षा कितीतरी जास्त काढलाय. पास झालीय तुझी खोली."

"फुटून पास?"

"फुटून पास."

ती तिथल्याच एका रिकाम्या साच्यावर मटकन बसली. बाकीचे दोन ठोकळे तिने बसूनच पाहिले. दोन्ही पहिल्याच्या मागेपुढे गेले. शेवटच्याच्या वेळी तर ती चक्क म्हणाली, "ताण, ताण अजून थोडं." त्या माणसाने आकडे लिहिताना मला विचारलं, "तयार काँक्रीटच्या कुठल्या प्लँटचा माल आहे?"

"घरचाच," दादा म्हणाला.

"मिक्सरवर चांगला माणूस दिसतो."

"दूध केंद्राचा अनुभव आहे," मी म्हटलं. त्याला काही कळलं नाही, पण आम्हाला कुणाला काही समजावायची इच्छाच नव्हती. परतीच्या वाटेवर दादा शिट्टी वाजवत होता. मला तर रस्त्यातले खड्डेसुद्धा आवडले.

पण माझा स्वभाव. आकडा चांगला आला याचा आनंद होताच, कसा आला हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. ओली वाळू अधिक आत्याची धार, याची बेरीज चारशे होऊच शकत नाही. कुठेतरी हातचा धरायचा राहिला होता.

मिस्त्री स्लॅबखालच्या आधाराच्या फळ्या काढायला आले त्या दिवशी मी अंगणात पिंप भरून ठेवलं. फळ्या निघाल्या, छत खालून आरशासारखं स्वच्छ निघालं आणि मिस्त्रींची कळीही खुलली. मी दुधाचं माप आणि बादली आणली, बादलीत रेघ नव्याने मारली होती. स्टूल मांडलं.

"आत्या, बस. त्या दिवशी कसं मोजलंस ते करून दाखव."

"आता कशाला? पास झालं ना?"

"माझ्या समाधानासाठी."

ती बसली. पदर खोचला. माप बुडवून ओतायला लागली, एक, दोन, तीन. हात भराभर चालत होता. बारा झाल्यावर आम्ही सगळे बादलीवर वाकलो. पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली होतं.

"हेच!" मिस्त्री उसळले. "हेच सांगत होतो मी त्या दिवशी. आत्याबाई, एक माप वर टाका, माल घट्ट येतोय. तर यांचं एकच, मापात आहे तेवढंच. माल नीट बसावा म्हणून व्हायब्रेटर धरून धरून माझे हात भरून आले. म्हटलं, दूधवाली आहे का सावकारीण!"

मला कोडं पडलं. मी पाणी पिंपात परत ओतलं. "आत्या, आता असं समज की केंद्रात आहेस. समोर गिऱ्हाईक उभं आहे. बारा लिटर दे."

पुन्हा तेच माप, तोच हात. पण आता प्रत्येक माप काठावरून डुचमळत निघत होतं आणि ओतल्यावर वर एक धार. बारा झाले तेव्हा लाल रेघ पाण्याखाली गेली होती.

आत्या बादलीत बघत होती. तिलाही ते आत्ताच दिसत होतं.

"अगं, ते गिऱ्हाईक," ती शेवटी ओशाळून म्हणाली. "आणि ही आपलीच खोली. स्वतःसाठी का कुणी धार सोडतं?"

दादा उठून नळाकडे गेला आणि उगाच तोंड धुवायला लागला. मिस्त्रींनी टोपी काढून परत घातली. मला कळलं, हातचा कुठे राहिला होता ते. जन्मभर ती दुसऱ्यांना वर घालत आली आणि स्वतःपुरतं मात्र हातचं राखून. तिच्या कपातलं ते काळपट पाणी मी इतकी वर्षं रोज बघत होते. त्या कंजूषपणानेच दादाच्या ओल्या वाळूचं पाणी भरून निघालं होतं आणि तिची खोली उभी राहिली होती. मला तिचा राग आला, माझाही आला, आणि या सगळ्यापेक्षा हायसं जास्त वाटलं.

पुढचं भराभर झालं. गिलावा, फरशी, दार, कडी. पडद्याची राहिलेली बाजू दुमडून झाली. खाट हॉलमधून आत गेली आणि आता ती दिवसाही उघडीच असते. हॉल एवढा मोठा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

ती राहायला गेली त्या दिवशी संध्याकाळी चहा मी केला. आधी तिच्या कपात दूध ओतलं, भरपूर, आणि वर एक धार. माझ्या आणि दादाच्या वाट्याला उरलं ते. कप घेऊन मागे गेले आणि नेहमीच्या सवयीने आत शिरायला गेले तर दार लागलेलं. आतून कडी होती. या घरात आत्याला भेटायला आजवर कुणाला दार वाजवावं लागलं नव्हतं. मी वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. आवाजात इतकी ऐट होती की मला हसू फुटलं.

"मी."

"थांब हं जरा. उघडते."

चहा निवत होता. आत ती काही करत नव्हती, खाटेवर बसली असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने मला चांगलं थांबवलं, आणि मी थांबले.